आवकबाईंची हरकत

नगरपरिषदेत कनिष्ठ लिपिक म्हणून मी नुकताच लागलो होतो. गाव माझं बदनापूरकडचं. रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून खोली शोधत होतो. एका घराची वरची खोली रिकामी आहे असं कळल्यावर सरळ जाऊन कडी वाजवली आणि खोली मिळेल का म्हणून विचारलं. दारात आलेल्या बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्ज आणलास का?"

मला वाटलं, गंमत करताहेत. पण चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नव्हता. शेवटी त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांनीच दिलेल्या कागदावर 'विषय : वरची खोली भाड्याने मिळणेबाबत' असा अर्ज मी लिहिला, दोन प्रतींत. बाईंनी तो वाचला, स्टुलाच्या कप्प्यातून रबरी शिक्का काढला आणि दोन्ही प्रतींवर ठाप्‌कन उमटवला. खाली नंबर, तारीख, वेळ. एक प्रत माझ्या हातात दिली.

"ही पोच. जपून ठेव. तीन दिवसांनी ये."

"तीन दिवस कशाला, बाई? खोली तर रिकामीच आहे."

"रिकामी हाय म्हणून काय झालं? विचार कराया टाइम लागतो का न्हाई?"

तीन दिवस मी बसस्टँडसमोरच्या लॉजवर ढेकणांच्या सोबतीनं काढले. चौथ्या दिवशी मला लेखी उत्तर मिळालं. त्यावर जावक क्रमांक होता आणि खोली मंजूर झाली होती.

बाईंची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली, आणि तीही एकाच टेबलावर, आवक-जावकच्या. मंठ्याला, परतूरला, बदनापूरला बदल्या झाल्या, पण जिथं जातील तिथं त्या हेच टेबल मागून घ्यायच्या. बढती आली तेव्हा त्यांनी लेखी नकार कळवला, कारण बढतीबरोबर टेबल बदलणार होतं. ज्यांना सरकारी कचेरीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदाची आधी वहीत नोंद होते, ती आवक. बाहेर जाणाऱ्याची होते, ती जावक. कागद देणाऱ्याला शिक्का मारून जी प्रत परत मिळते, ती पोच. एवढ्या तीन शब्दांवर बाईंनी जन्म काढला होता. गावात त्यांना सगळे आवकबाई म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं गळ्यातला हार आणि शाल-नारळ घेऊन घरी येतात. बाईंनी येताना बाजारातून स्वतःसाठी एक नवा शिक्का करून आणला, नुसता 'आवक' असा, आणि एक लांबलचक रजिस्टर. घरात येणारी प्रत्येक गोष्ट त्यात चढायची. लग्नपत्रिका, लाइटबिल, शेजारून आलेली भाजी. शेजारच्या काकूंनी वांग्याची भाजी दिली की त्यांना चिठ्ठी जायची, 'वांग्याची भाजी, वाटी एक, मिळाली. वाटी परत करणे बाकी.' काकूंनी सुरुवातीला मनाला लावून घेतलं. पुढं त्या चिठ्ठ्या त्यांनी देव्हाऱ्यामागच्या डब्यात जपून ठेवायला सुरुवात केली. म्हणायच्या, माझ्या भाजीची कुणी कधी नोंद घेतली होती का?

एकदा ते रजिस्टर मी चोरून चाळलं. एका पानावर मुलाच्या फोनची नोंद होती. 'चिरंजीवांचा पुण्याहून फोन. विषय : दिवाळीस येणे. निर्णय : प्रलंबित.' त्याच्या खाली दुसरी, तिसरी, तशाच. मी रजिस्टर होतं तसं ठेवून दिलं आणि त्या वर्षी दिवाळीत दोन दिवस उशिरानं गावी गेलो.

मला नगरपरिषदेतही आवक-जावकचंच टेबल मिळालं. नव्या पोराला नाहीतर नको असलेल्या माणसाला ते टेबल देतात. मी संध्याकाळी तोंड पाडून घरी आलो आणि बाईंपाशी रडगाणं गायलो.

"येडा हायस," त्या म्हणाल्या. "सायेब कोन हाय ते बघू नकोस. दाराशी कोन बसलंय ते बघ. मानूस आधी तुझ्याम्होरं येतो. तू घेतलं तर त्यो आला. तू न्हाई घेतलं तर त्यो आलाच न्हाई."

मग त्यांनी मला रीतसर शिकवलं. नुसती तारीख टाकायची नाही, वेळही टाकायची. ओळ कोरी सोडायची नाही, कोऱ्या ओळीत पाप शिरतं. तोंडी हुकूम आवकला येत नाही. बाई धनगराच्या घरच्या, वडिलांची मेंढरं होती. त्या सांगायच्या की संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना बाप फटीशी उभा राहायचा आणि एकेकीच्या पाठीला हात लावूनच आत सोडायचा. कळपाकडं बघून अंदाज करणाऱ्याचं मेंढरू हटकून जातं म्हणायचा. "तसा कागद घ्यायचा," बाई म्हणायच्या, "हात लावून."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या कॉलनीच्या मागं एक बाग होती. बाग म्हणजे काय, तर शहराच्या आराखड्यात त्या तुकड्यावर 'उद्यान' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात नऊ कडुलिंब, तीन बाकडी, एका बाजूची साखळी तुटलेला झोका आणि पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींनी पळून पळून पाडलेली गोल वाट. गवत औषधालाही नव्हतं. तरी पाहुण्यांना आम्ही छाती काढून सांगायचो, आमच्या मागं बाग आहे.

त्या बागेच्या कोपऱ्यावर एक दिवस मोठं चित्र लागलं. काचेची इमारत, आत जिम, वातानुकूलित अभ्यासिका, दारात हसणारी चार गोरी पोरं. एका खाजगी संस्थेचं युवा केंद्र होणार होतं, सभासदांसाठी. खरं सांगतो, ते चित्र मलाही आवडलं होतं. त्यासाठी जागेवरचं बागेचं आरक्षण उठवायचं होतं आणि तसं करण्याआधी लोकांना विचारावं लागतं. नगरपरिषदेनं नोटीस काढली, ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी एका महिन्यात हरकती व सूचना लेखी द्याव्यात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत.

बाई तेव्हा मंठ्याला होत्या, मुलीच्या बाळंतपणासाठी. इकडं कॉलनी पेटून उठली. कॉलनीचे अध्यक्ष कॉलेजात प्राध्यापक होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. सरांनी मोर्चा काढला. बॅनर झाले, घोषणा झाल्या, बायका पहिल्यांदाच रस्त्यावर उतरल्या. निवेदनावर दोन दिवसांत ढीगभर सह्या झाल्या आणि ते निवेदन दौऱ्यावर आलेल्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या हातात, त्यांच्या गाडीच्या काचेतून, देण्यात आलं. त्याचा फोटो काढला गेला. पेपरात बातमी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर इतके अंगठे आणि फुलं आली की मोबाइल गरम झाले. सरांचा सत्कार झाला. सत्काराला मी होतो, पेढा खाल्ला.

शुक्रवारी संध्याकाळी बाई परत आल्या. शेवटचा दिवस सोमवार होता. बाग वाचल्याच्या आनंदात सगळे बागेतच बसले होते. बाईंना तो फोटो कौतुकानं दाखवला गेला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "आन् सर, पोच?"

"कसली पोच, बाई? प्रत्यक्ष त्यांच्या हातात दिलंय. हा फोटो आहे ना."

"फोटूत दिलंय ते दिसून राह्यलं. आफिसात आलंय का?"

"पेपरात सुद्धा आलंय!"

"पेपरात आलंय वो. आफिसात?" आणि त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या टेबलाला आलं का रे?"

महिनाभर मी त्या टेबलावर बसून होतो. सगळा गाव हरकत हरकत म्हणून ओरडत होता आणि माझ्या रजिस्टरात त्या विषयाची एक ओळ नव्हती. हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

"नाही, बाई."

सर म्हणाले, "मग सोमवारी ते निवेदन पुन्हा देऊ. सह्या आहेतच."

"एका कागदावर हजार सह्या करा, ते एकच हरकत धरत्यात," बाई म्हणाल्या. "आन् मंग म्हणत्यात, अख्ख्या गावातून एक हरकत आली."

सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच एक सुरेख मजकूर तयार केला, पर्यावरण, हरितपट्टा, भावी पिढी वगैरे, आणि नावापुरती जागा कोरी सोडून गठ्ठाभर झेरॉक्स आणल्या. बाईंनी त्यातली एक उचलली, वाचली आणि मागच्या कोऱ्या बाजूकडे बोट दाखवलं.

"हे लई झाक झालं. ह्याच्या मागं लिहू."

"मागं काय लिहायचं?"

"आपापलं. सर, शंभर कागदांवर एकच बोलणं म्हणजे ते एका मानसाचं बोलणं. ज्याचं त्यानं लिहावं, इथं त्यो काय करतो."

शनिवार-रविवार दोन दिवस त्या बागेत शाळा भरली. पोरांचे परीक्षेचे पॅड घेऊन माणसं कडुलिंबाखाली लिहायला बसली. गंमत म्हणजे मोर्चात घसा फोडून ओरडणारी माणसं कागदापुढं मुकी झाली. काय लिहू, बाई? बाई एकेकापाशी जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "काल इथं आल्तास, तवा काय केलंस?"

पोलिस भरतीवाल्या एका पोरीनं लिहिलं, 'केंद्र आमच्यासाठी आहे म्हणतात. आम्हाला आठशे मीटर पळावे लागते. हॉलमध्ये कसे पळायचे ते कळवावे.' एका सुनेनं तासभर विचार करून लिहिलं, 'घरात सगळे असतात. आईशी फोनवर मोकळं बोलायला मला हे बाकडं आहे.' लिहून तिनं कागद घट्ट मिटून धरला. सासूनं वाचलं तर?

"तुझी सासू नगरपरिषदेत यिऊन फायली चाळनार हाय का?" बाई म्हणाल्या. "आन् वाचलंच, तर बरं हुईल."

शाळेत झाडलोट करणाऱ्या कौसल्याबाई लांब उभ्या होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. बाईंनी त्यांना ओढून आणलं आणि स्वतः पेन घेतलं.

"सांगा, तुम्ही काय करता इथं?"

"म्या काय करते? काईच न्हाई. नुस्ती बसते."

"कितीक वेळ?"

"काम झाल्यावर. घरला जायच्या आधी. जराशीक."

"मंग तेच." आणि बाईंनी लिहिलं, 'मी काम झाल्यावर इथे नुसती बसते. माझी हरकत आहे.' खाली अंगठा.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा भीत भीत म्हणाला की त्याला तर अभ्यासिका हवी आहे, घरी एकच खोली आहे. सरांनी त्याला झापलं. बाई सरांवर उखडल्या. "नोटिशीत हरकती व सूचना लिवलंय. ह्याची सूचना हाय. ह्यो बी लिहील." त्याच्यासारखे अजून दोघं निघाले. ते तीन कागदही बाईंनी त्याच गठ्ठ्यात घातले. कॉलनीतले निम्मे लोक त्या दिवशी बाईंवर रुसले. मला मात्र आपण या बाईंच्या घरात राहतो याचा अभिमान वाटला.

सोमवारी अकराला खिडकी उघडली आणि बाहेर पाहिलं तर रांग फाटकापर्यंत गेलेली. प्रत्येकाच्या हातात आपला कागद, दोन प्रतींत. बाई रांगेच्या शेवटी, घडीच्या स्टुलावर. दिवसभरात त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ओळखही दाखवली नाही. मी एकेक कागद घेत होतो, नंबर, वेळ, शिक्का, पोच. नंबर, वेळ, शिक्का, पोच.

तीनच्या सुमारास आमचे अधीक्षक माझ्या मागं येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "खिडकी लाव. टपाल जास्त झालं म्हण. उद्या या म्हणावं."

उद्या म्हणजे मुदत संपलेली. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि ती पक्की करण्याचा शेरा याच गृहस्थांच्या हातात होता. मी काचेतून बाहेर पाहिलं. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या, कुणाच्या तरी कागदावरची तारीख तपासत होत्या.

"साहेब," मी म्हणालो, "तेवढं लेखी द्या."

"काय?"

"खिडकी लावण्याचा आदेश. आवकला नोंद करून घेतो."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण लेखी काही ते देणार नव्हते. चहाला म्हणून जे गेले ते त्या दिवशी परत आलेच नाहीत. मी पुढचा कागद घेतला. त्यावर शिक्का इतक्या जोरात मारला की रांगेतले लोक दचकले.

पाच वाजले, साडेपाच झाले. रांग सरकत होती पण संपत नव्हती. मागून येणारा प्रत्येक जण बाईंच्या पुढं जात होता, कारण बाईच त्याला पुढं घालत होत्या. सहाला काही मिनिटं असताना दोघीच उरल्या, कौसल्याबाई आणि बाई. कौसल्याबाईंच्या दुसऱ्या प्रतीवर अंगठा राहिला होता. शाईचा पॅड दिवसभरात वाळून गेला होता. त्यावर पाणी टाका, अंगठा घ्या, नीट उठला नाही, परत घ्या, यात वेळ गेला. त्यांचा कागद पाच एकोणसाठला आत आला. पोच हातात देऊन मी बाईंचा कागद घेतला, नंबर टाकला आणि वेळेसाठी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची ओळ लिहीपर्यंत सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी बाईंकडे पाहिलं. खिडकीत दुसरं कुणी नव्हतं.

"बाई, सहा टाकतो."

"घड्याळात किती झाले?"

"आमचं घड्याळ पुढंच असतं."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काचेला लावून दाखवलं. दोन मिनिटं. "ह्ये तर रोज रेडिओला लावते म्या."

"पण बाई, तुम्ही सकाळपासून इथं आहात. सगळ्यांनी बघितलंय."

"रांगेत होते. टेबलाला आत्ता आले." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "खरं ते टाक. न्हाईतर आजपासून माझं घर सोड."

मी लिहिलं, सहा वाजून दोन मिनिटं. त्यांनी पोच घेतली, घडी करून पाकिटात ठेवली आणि स्टूल उचलून घरी गेल्या. त्या संध्याकाळी मला त्यांचा भयंकर राग आला होता. दुसऱ्यांसाठी एवढं करायचं आणि स्वतःच्या कागदाला स्वतःच बाहेर काढायचं, याला काय म्हणावं मला कळेना.

ते कळलं सुनावणीच्या दिवशी. जिल्ह्याहून अधिकारी आले होते. नगरपरिषदेचा हॉल माणसांनी भरला होता. प्रत्येक हरकत स्वतंत्र, म्हणून प्रत्येकाला बोलावणं होतं. फक्त बाईंना नव्हतं, त्यांची हरकत मुदतीबाहेर गेली होती. तरी त्या आल्या आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. सुनावणी सुरू होताच संस्थेचे वकील उभे राहिले आणि पहिलं वाक्यच माझ्यावर आलं. या सगळ्या हरकती मुदत संपल्यावर मागाहून घुसडलेल्या आहेत, ते म्हणाले. आवक लिपिक हा ज्या बाईंनी हे सगळं घडवलं त्यांचाच भाडेकरू आहे, सबब सगळ्या हरकती फेटाळाव्यात आणि लिपिकाची चौकशी व्हावी.

यातलं भाडेकरू असणं तर खरंच होतं. अधिकाऱ्यांनी रजिस्टर मागवलं. ते पानं उलटत गेले. कुठं कोरी ओळ नाही, कुठं खाडाखोड नाही. शेवटच्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं.

"या बाई कोण?"

"माझ्या घरमालकीण, साहेब."

"त्याच?"

"त्याच."

अधिकारी वकिलांकडे वळले. "वकीलसाहेब, मागाहून वेळा टाकायच्या असत्या, तर याने आपल्या घरमालकिणीलाच दोन मिनिटांनी बाहेर कशाला ठेवलं असतं?"

वकील खाली बसले. मला तर बाहेर धावत जाऊन बाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण रजिस्टर सोडून उठता येत नव्हतं.

मग एकेकाचं बोलणं सुरू झालं, आणि मी या गावाची माणसं पहिल्यांदा पाहिल्यासारखी पाहिली. कुणी भाषण केलं नाही. आपल्या कागदावर जे होतं ते सांगितलं आणि बसले. ती सून बोलली, सासू शेजारी बसलेली असताना बोलली. अभ्यासिका हवी म्हणणारा पोरगाही बोलला आणि त्याला कुणी अडवलं नाही. कौसल्याबाई उभ्या राहिल्या, हात जोडून म्हणाल्या, "सायेब, म्या तिथं नुस्ती बसते," आणि एवढंच बोलून खाली बसल्या. अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

काही महिन्यांनी आदेश आला. आरक्षण उठवायचं नाही, बाग बागच राहणार. संस्थेनं पुढं रस्त्याला लागून स्वतःच्या जागेवर केंद्र बांधलं. अभ्यासिका चांगली आहे, तो पोरगा तिथंच बसून परीक्षा पास झाला. माझीही नोकरी पक्की झाली, पुढं बदली झाली. पण त्या आदेशासोबत माझ्यावर जे काम येऊन पडलं ते अजून हातांना आठवतं. हरकती स्वतंत्र आल्या होत्या, म्हणून उत्तरंही स्वतंत्र गेली पाहिजेत. एकशे एकसष्ट पाकिटं मी लिहिली. कौसल्याबाईंच्या पाकिटावर 'श्रीमती' लिहिताना हात जरा जपून चालवला. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा त्या हे आपलं नाहीच म्हणून परत करत होत्या.

सगळ्यात शेवटी बाईंचं उत्तर. मुदतीनंतर प्राप्त झाल्याने आपली हरकत विचारात घेण्यात आलेली नाही, एवढंच लिहायचं होतं. पण संदर्भ घालायला त्यांचा कागद उघडावा लागला. त्या दिवशी घाईत मी तो वाचलाच नव्हता. तो असा होता :

'सदर जागेवर वसाहत होण्यापूर्वी माझे वडील तेथे मेंढ्या बसवीत असत. जागा वसाहतीसाठी गेली तेव्हा त्यांनी कचेरीत हरकतीचा अर्ज दिला होता. त्यांना लिहिता येत नसल्याने तो मी लिहिला. मी तेव्हा सातवीत होते. पोच मागायची असते हे मला माहीत नव्हते. पुढे चौकशी केली असता असा अर्ज आलाच नाही असे त्यांना सांगण्यात आले. राहिलेल्या तुकड्यावर बाग झाली, ती तरी राहू द्यावी. वडिलांची हरकत या कागदाने पुन्हा सादर करीत आहे.'

तो कागद मी पुन्हा एकदा वाचला. मग उत्तर लिहिलं, जावक क्रमांक टाकला, आणि ते एक पाकीट टपालात न घालता स्वतः घेऊन घरी गेलो. बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. पदराला हात पुसून त्यांनी पाकीट घेतलं, फोडलं, सावकाश वाचलं.

मला राहवलं नाही. "बाई, सगळ्यात जुनी हरकत तर तुमचीच होती."

"जुनी आसंल. पर उशिरा आली." त्यांनी पत्र परत एकदा वाचलं, ओठ हलवत. मग माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा हसत होता. "बापाच्या अर्जाला उत्तर आलं रे. न्हाई म्हणून आलं, पर लेखी आलं."

अख्ख्या कॉलनीत मुदत हुकल्याचं पत्र एकट्या त्यांच्याकडे होतं. ते हातात उघडं धरून, मेथी तशीच टाकून, त्या ते सगळ्यांना दाखवायला बागेकडे निघाल्या.